चंद्राच्या दोन आया

आमच्या भागात अंत्यविधीला जायचं म्हणत नाहीत, मातीला जायचं म्हणतात. आम्हा लिंगायतांत तर ते शब्दशः खरं. माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि पहिली माती घरचं माणूस देतं. यंदा उदगीरला माझ्या धाकट्या बहिणीला असं बसवलं आणि काठावर कुजबुज सुरू झाली. मेव्हणे आधीच गेलेले. मुलगी एकुलती एक, तीही दत्तक. मेव्हण्यांचे म्हातारे चुलते म्हणाले, "पोटचं न्हाई, तर घराण्याच्या रक्ताचं तरी पाहिजे. पुतण्याला पुढं करा."

पोरीनं ते ऐकलं. माझं डोकं सणकलं. जन्मभर अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि हा प्रश्न तिच्याशी एकदा बोलून झाला होता.

लहानपणी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडं यायची. आपल्याला नांदेडच्या अनाथाश्रमातून आणलंय हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. बहिणीनं काही झाकून ठेवलं नव्हतं. एका संध्याकाळी गच्चीवर तिनं विचारलं, "मामा, चंद्र कुठून आणला?" आला नव्हे, आणला.

मास्तराला विचारलं की सुटका नसते. मी सगळे तर्क सांगितले. कुणी म्हणायचं, पृथ्वी इतक्या जोरात फिरायची की तिचाच तुकडा सुटून गेला. कुणी म्हणायचं, दोघं एकाच धुळीतून शेजारी-शेजारी जन्मले. कुणी म्हणायचं, चंद्र परका. जवळून चालला होता, पृथ्वीनं धरून ठेवला. हे तिसरं ऐकून ती खुलली. मग मी सांगितलं की ते टिकलं नाही, कारण चंद्रावरून आणलेले दगड पृथ्वीच्या दगडांशी फार जुळले. तिचं तोंड एवढंसं झालं. घाईघाईनं मी चौथं सांगितलं, जे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला, दोघांचा चुरा उडाला आणि त्याचाच चंद्र झाला. त्या गोळ्याला ग्रीक पुराणातल्या चंद्राच्या आईचं नाव दिलंय.

"म्हंजे चंद्राला दोन आया?"

"हाव. एक त्या धडकेतच संपली. दुसरी अजून त्याला धरून हाय."

"मग चंद्रात कुणाची माती किती?"

"ते अजून कुणाला नीट येगळं काढता आलं न्हाई."

तिनं लगेच आईला फोन लावून हे सगळं सांगितलं. बहिणीनं मलाच झापलं, "अण्णा, पोरीला आधी जेवू घाला, आभाळ मग शिकवा." आणि बोलता बोलता रडायला लागली.

हे सगळं मला त्या चुलत्यांना ऐकवायचं होतं. मामा म्हणून माझा तेवढा मान होता. पण समोर बहीण बसलेली, मान किंचित कललेली, आणि मी तिच्याकडंच बघत राहिलो. मेव्हण्यांचा पुतण्या बिचारा मूठभर माती घेऊन उभा होता.

पोरगी कुणाला न विचारता पुढं झाली. तिनं माती उचलली, त्यातली ढेकळं बोटांनी फोडली, खडे वेचून बाजूला टाकले. मग काठावर गुडघे टेकून खाली वाकली.

"आई, डोळे गच्च मीट," ती म्हणाली, "माती जाईल."

चुलत्यांनी पुतण्याचा दंड धरून त्याला मागं घेतलं.