गोड्या पाण्याचा सोस

काशिरामदादा घरतांकडे चहा मागितला तर लगेच मिळे. पाणी मागितलं तर आधी व्याख्यान ऐकावं लागे. "ह्ये आभाळाचं हाय. आधी जिभेवर ठेव, मंग गिळ." आपण गिळायचं आणि मान डोलवायची. पाण्यासारखं पाणी, पण तसं म्हणायची आमच्या आळीत कुणाची टाप नव्हती.

माणूस उरणकडच्या मिठागरात वाढलेला. तिथे चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. आई डोक्यावर हंडा घेऊन कोसभर जायची आणि वाटेत पाणी हिंदकळलं तर घरी येऊन रडायची. पुढे पनवेलच्या भातगिरणीत हमाली मिळाली, हाकेच्या अंतरावर गोडी विहीर मिळाली, तरी दादांचा पाण्याचा सोस काही सुटला नाही. पावसाळ्यात पन्हळीखाली रांजण, पिंप, टवका उडालेला टोप, हाताला लागेल ते लावायचे आणि भरलं की परसात ओळीने मांडायचे. रांजण कधी रिकामा करायचा नाही. तळ दिसायच्या आत वरून भर घालायची.

"दादा, आता एक होडी घ्या," शेजारचा काळूराम शिंपी म्हणे. "परसात फिरायला बरी."

दादा हसत. या थट्टेचा त्यांना अभिमानच वाटे.

त्या पाण्यात कधी कधी बारीक किडे वळवळत. दुसरा कुणी असता तर ओतून मोकळा झाला असता. दादांचं तर्कशास्त्र मिठागरातलं. "आमच्या खाऱ्या कोंडीत किडा जगंल काय? किडा हाय म्हंजे पाणी गोडं हाय. जितं पाणी!" मग ते जितं पाणी फडक्याने गाळून आपल्या हातात देत.

डासांशी मात्र त्यांचं हाडवैर. डास खाडीतून येतो, चिखलातून येतो, आणि दिवेलागणीला येतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळी खाडीकडची खिडकी बंद आणि घरात कडुनिंबाचा असा धूर, की डास जात की नाही देव जाणे, बायको रंभाकाकू मात्र डोळे पुसत ओट्यावर येऊन बसत.

चौसष्ट साली त्यांची एकुलती लेक मालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर पुन्हा मिठागराच्याच गावात. विहिरीचं पाणी मचूळ. दादांनी पाऊस लागल्यापासून दुप्पट रांजण मांडले होते.

"नातू पयल्या दिवसापासून गोड्या पाण्यानं न्हाईल," ते म्हणत. "आमी खाऱ्यात न्हालो, बघ कातडी. सुक्या बोंबलागत झालीय."

भादव्यात आळीत ताप शिरला. काळूराम पडला. हाडं कुणी वरवंट्याने ठेचतंय, असं म्हणून विव्हळू लागला. त्याला बघायला डॉक्टर आले आणि खिडकीतून त्यांची नजर दादांच्या परसात गेली. तसेच उठून ते तिकडे गेले. दादा कौतुकाने एकेक झाकण काढून दाखवू लागले.

"ओतून टाका. आजच," डॉक्टर म्हणाले.

दादांना वाटलं, थट्टा चाललीय.

"या तापाला डेंग्यू म्हणतात. त्याचा डास गटारात नसतो हो, त्याला असं स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. मादी भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालते. हे तुमचे किडे आठवड्याभरात पंख फुटून उडतात, पायावर पांढरे पट्टे घेऊन. आणि चावतात दिवसाढवळ्या. दर आठवड्याला भांडी रिकामी करा, आतून घासा, वाळवा, मग भरा आणि तोंडाला फडकं बांधा."

"म्हंजे माझ्या पाण्यातनं डास?"

"तुमच्याच."

"डाक्तर, तुमी पुस्तकातलं बोलता. आमी खाडीतले. डास कुठनं येतो ते आमाला नका सांगू."

डॉक्टर गेल्यावर रंभाकाकू म्हणाल्या, "अवो, पोर भरल्या पोटाची हाय. ओता की."

"तिच्यासाटीच ठेवलंय ना!" दादा कडाडले.

त्या संध्याकाळी त्यांनी धूर दुप्पट केला. दुपारी मात्र मालू परसदारी, रांजणांच्या गारव्याला, पाय पसरून झोपे. चटई दादांनीच टाकून दिली होती. दुपारी कसले डास?

मग मालूला ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, अंगावर लाल पुरळ. या तापावर औषध नाही, पडून राहू दे, पेज-पाणी पाजत राहा, डॉक्टरांनी सांगितलं. पण हिरड्यांतून रक्त दिसलं तशी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेली. मालू वाचली. मूल जन्मलं ते रडलंच नाही.

दादा घरी आले आणि टोपीसुद्धा न काढता परसात गेले. एकेक रांजण आडवा करत गेले. काळूराम भिंतीला धरून धरून मदतीला आला. त्याला त्या दिवशी थट्टा सुचली नाही, आणि काळूरामला न सुचणं ही मोठी गोष्ट होती. रांजणाच्या आतल्या कडेला काजळाच्या ठिपक्यांसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. दादा काथ्याने ते घासत राहिले, हाताची सालं निघेतोवर.

"आता घासून काय?" रंभाकाकू दारातून म्हणाल्या.

दादांनी पुढचा रांजण ओढला. पुढे दर रविवारी ते आळीभर फिरून लोकांची पिंपं उपडी करायला लागले. लोक कुरकुरत, दादा ऐकून घेत. पूर्वीचं व्याख्यान मात्र बंद झालं.

दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी मालूला पाठवलं नाही. "इथं पाणी मचूळ हाय, पण पोर सुखरूप हाय," एवढाच सासूचा निरोप आला. दादांनी वाद घातला नाही. मुलगा झाल्याचं कळल्यावर दोघं बघायला गेली. तिथलं सगळं रंभाकाकूंनीच मागाहून ओट्यावर सांगितलं. दादा आधी घरात गेलेच नाहीत. परसातल्या पिंपाचं झाकण उचलून कितीतरी वेळ आत बघत राहिले. विहीणबाई फणकारल्या, "काय व्हो व्याही, आमचं पाणी तपासताय?" दादा ओशाळून आत आले, पण मालूने पुढे केलेलं पोर त्यांनी घेतलं नाही. हात मागे बांधून लांबूनच बघितलं.

निघताना मालू म्हणाली, "बाबा, फुडल्या टायमाला तरी घ्याल ना त्याला?"

"तू घेऊन येशील आमच्याकडं?" दादांनी विचारलं.

मालूने सासूकडे पाहिलं, आणि मग पोराची कुंची सारखी करत राहिली.