मास्तरीणबाईंचा पुरा नाच

सौंदडला रेल्वे क्वार्टरच्या अंगणात शेफालीदीदी नाचायला उभी राहिली, की आधी नवऱ्याला विचारायची, "मालगाडी कहाँ तक आई?" नवरा म्हणजे आमचे स्टेशनमास्तर. सतारही तेच वाजवत आणि गाडीला निशाणही तेच दाखवत. सतारीवरची गत जरा रंगात आली की स्टेशनातली घंटी वाजे, मास्तर सतार खाटेवर ठेवून टोपी चढवत आणि दीदी एक हात हवेत धरून उभीच राही. गाडी गेल्यावर मास्तर परत येत. राग काही परत येत नसे. "पूरा नाच कभी होगा भी?" ती मला विचारायची, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

राज्य अजून इंग्रजांचं होतं. हा नवा नाच ती कलकत्त्याहून शिकून आली होती. पायात घुंगरू नाहीत, डोळे मोडणं नाही, गाण्याचे बोल नाहीत. नुसत्या सतारीवर ती कधी वाऱ्यातलं धान व्हायची, कधी धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत उतरलेला बगळा. गावच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून, हिच्या अंगात कोणता देव येतो यावर चर्चा करत. देव ओळखू येईना, म्हणून नारळही फोडता येईना. मोठीच अडचण.

मी तिची एकुलती एक शिष्या. चौदा वर्षांची, पदर खोचून स्वतःला अप्सरा समजणारी. माझा बगळा पाहून माय म्हणाली, "काऊन व, नाचून राहिली का माशा हाकलून राहिली?" मायला कलेतलं काही कळत नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दीदी मात्र पोट धरून हसली. "माँ ठीक कहती है. बगुला अपने को नहीं देखता, मछली को देखता है." मी स्वतःलाच बघत राहिले. बांधीतले सगळे मासे सुखात राहिले.

मग बदली आली. दुपारी नव्या मास्तरांनी चार्ज घेतला. संध्याकाळी दीदीनं बांधलेल्या पेट्या सरकवून अंगण मोकळं केलं. कुंपणापलीकडे अख्खं गाव. नाच बघायला नव्हे, निरोप द्यायला आलोय असं एकमेकांना सांगणारं. गत रंगात आली आणि घंटी वाजली. सवयीनं दीदी थांबली. मास्तर मान वर न करता वाजवत राहिले. म्हणाले, "नाचो. आज वो मेरी गाडी नहीं है."

गाडी धडधडत गेली. दीदी नाचली.

सतार थांबली, पण त्यानंतर काय करायचं हे तिला सुचेना. इतकी वर्षं ती तिथवर पोचलीच नव्हती. तशीच उभी राहिली. शेवटी मायच कुंपण ओलांडून गेली, तिला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "बस व बाई. झाला तुहा पुरा."