शंभर वेळा उघडलेली मूठ

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये माणसं दुखणं घेऊन येतात आणि किस्सा ठेवून जातात. दुखणं बरं होतं, किस्से साठत राहतात. क्लिनिक सिडकोत, दोन खोल्यांचं. एकाची ट्रीटमेंट चालू असली की बाकीचे ऐकतात आणि सल्लाही देतात.

*

भास्करराव अंबडच्या एका कंपनीत कामाला. खांदा धरून आले. मी नेहमीचं सांगितलं, की स्नायूला आखडून ओढता येतं, ढकलता येत नाही.

"मग मी रोज ट्रॉली ढकलतो ते काय?"

म्हटलं, तेव्हाही दंडाच्या मागचा स्नायू आखडतो, तो कोपर ओढून सरळ करतो आणि ट्रॉली पुढे जाते. त्यांनी मान डोलावली.

चार दिवसांनी परत आले. खांदा जास्तच दुखत होता. सुपरवायझरला त्यांनी सांगितलं होतं, "मॅडम म्हणतात, मसलला ढकलता येत नाही."

सुपरवायझर समजूतदार निघाला. त्याने ट्रॉलीला ओढायला दोर बांधून दिला.

*

एक जिमवाले सर आले. दंड असा की बाही उसवलेली, पण हात कोपरात सरळ होईना. पुढचा स्नायू हात वाकवतो, मागचा सरळ करतो. एकाने आखडलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. यांनी वर्षानुवर्षं पुढच्यालाच व्यायाम दिलेला.

"मागच्याला का नाही?"

"तो आरशात दिसत नाही."

"नवरा-बायकोचंही असंच असतं," पलीकडच्या पलंगावरून भास्करराव म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

*

यमुनामावशी मखमलाबादच्या. घरचा झेंडू, सगळा जन्म हार ओवण्यात गेलेला. पॅरालिसिसचा झटका आला. नंतर उजवा हात पुढे जायचा, मूठही वळायची, पण बोटं उघडेनात.

"दसऱ्याला हार ओवायला बोटं द्या ताई, बाकी काय नको." त्या हसून म्हणाल्या. मला मात्र तसा शब्द देता येत नव्हता.

मी कोपराखाली दाबून पाहिलं.

"बोटं तिकडं हायेत, तुम्ही इथं काय दाबता?"

म्हटलं, बोटात स्नायू नसतोच. तो इथे, बारीक तंतूंच्या जुड्यांचा. इथून दोऱ्या बोटांपर्यंत जातात. स्नायू शाबूत आहे, मेंदूचा हुकूम पोचत नाही.

"म्हंजे मजूर हजर हाय, मुकादमाचाच फोन लागत नाय."

यापेक्षा चांगलं मला कॉलेजातही कोणी समजावलं नव्हतं.

*

रोज शंभर वेळा मूठ उघडायचा प्रयत्न करा, असं सांगून घरी पाठवलं. महिन्याने पाहते तर तसूभर फरक नाही.

"करता ना?"

"एक दिवस चुकला नाय."

म्हटलं, करून दाखवा. त्यांची सून सविता पुढे झाली. तिने सासूची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं.

"एक," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हे तर सविता करतेय."

"मग? ती उघडते, मी मोजते. लय कष्ट घेते पोरगी."

सविताच्या बोटांत त्या महिन्यात चांगलीच ताकद आली होती.

मग मी करंटचं मशीन लावलं. बोटं पटकन उघडली. मावशींनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. "हे मशीनचं. माझं नाय."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशींनी आमच्या दारासाठी पाटीभर झेंडू आणला. ओवायला बसले भास्करराव. सुई फुलात आडवी, पाकळ्यांतून. एक फूल ओवलं की दोन गळायची.

मावशी समोर बसलेल्या. त्यांनी दोनदा सांगितलं, "देठातून घाला."

"मावशी, मी कंपनीत केसाएवढा फरक पडू देत नाही," भास्करराव म्हणाले आणि पुढच्या फुलात सुई आडवी घातली.

मावशींचा उजवा हात पुढे गेला. मूठ त्या फुलापाशी जाऊन थांबली. मग अंगठा आणि दोन बोटं उघडली, आणि फूल मावशींच्या हातात आलं.

करंटचं मशीन बंद होतं. सविता दारात, तिच्या दोन्ही हातांत पाटी.

मावशींनी फुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"मोज," म्हणाल्या.