शर्यतीच्या वाटेवर मामांचं गाव

आयुष्यात मी सर्वांत जास्त कोणाचं देणं लागतो, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या मामीचं. आईवडील होते, मायाळू होते. पण वडील अकोल्याला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करत, राहायला एक खोली, आणि भावंडं पुष्कळ. त्यामुळे शाळेच्या वयाचा झालो तसं मला अमरावतीजवळ मामांच्या गावी ठेवलं. तिथे मामांचा भाजीचा मळा होता. मेथी, सांबार, वांगी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याकडच्या माणसांना हे दरवेळी सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी लागते. आमच्या वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा लहान असला तरी. दारी आलेल्या भाच्याचे पाय धुवायचे, अंगठ्याला कुंकू लावायचं, वाकायचं. आणि भाचा एकट्या मामाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. या मानाचा तोटा असा की मामांनी मला कधी रागावलं नाही. भाच्याला रागवत नाहीत. अभ्यास केला नाही तरी नाही, पाटी फोडली तरी नाही. मग रागवायचं सगळं काम मामीकडे आलं. सणावारी तीही माझ्या पाया पडायची आणि उठल्या उठल्या विचारायची, "पाढे झाले काय रे?" तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण मी पुस्तक समोर धरून झोपलो आहे हे तिला चुलीपुढून कळायचं. मी मॅट्रिक झालो तो तिच्या धाकानं.

बाजाराच्या दिवशी ती भाजीची टोपली डोक्यावर घेऊन पायी अमरावतीला जायची. सुट्टी असली की मीही सोबत असायचो. तिची चाल म्हणजे चाल नव्हतीच, लहान लहान पावलांची दुडकी होती. भाजी सुकायच्या आत पोचायचं असायचं. तिच्या मागं राहू नये म्हणून मी पळायचो. पळण्याचं माझं शिक्षण एवढंच. शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यती मी जिंकू लागलो आणि त्याच जोरावर अमरावतीच्या कॉलेजात आलो.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमच्या वसतिगृहात खेळाडूंसाठी दोन खोल्या राखून ठेवलेल्या होत्या. तिथे राहायला काही द्यावं लागत नसे. त्यातली एक खाट मला मिळाली होती. पण पावसाळाभर मला हिवताप आला, एकाही सामन्यात उतरलो नाही. दिवाळीनंतर व्यायामशिक्षकांनी बोलावलं. ते पुण्याकडचे होते, बोलणं मऊ पण शब्द पक्का.

"हे पहा, खोली खेळाडूची आहे. पौषात आपली तेरा मैलांची दौड आहे. शेजारच्या जिनाचा नऊचा भोंगा वाजायच्या आत जो फाटकातून आत येईल, तो खेळाडू. तुम्ही आलात तर पदवी होईपर्यंत खोली तुमची. नाही आलात तर संक्रांतीला रिकामी करा."

खोली गेली म्हणजे कॉलेज गेलं. वडिलांनी अकोल्याला मुकादमाजवळ माझ्यासाठी शब्द टाकूनच ठेवला होता. त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्यात कोणी कॉलेजात गेलंच नव्हतं. तिथून पोरगा परत येतो की नाही हे त्यांना कुठून माहीत असणार?

आज या अंतराला हाफ मॅरेथॉन म्हणतात आणि लोक हौसेनं पळतात. आम्ही नुसतं 'दौड' म्हणायचो. त्या वर्षी थंडी अशी होती की वरूडकडची मुलं सांगत, संत्र्याच्या बागा वाचवायला घरचे लोक झाडांत धूर करून बसतात. दौडीच्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही फाटकाशी उभे राहिलो. हाफ पँट आणि बनियन. खोलीतल्या मित्रानं, तो कबड्डीचा म्हणून दौडीत नव्हता, माझ्या बनियनच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि स्वतःचे कॅनव्हासचे जोडे दिले. रस्ता मुरूम-गिट्टीचा, म्हणून जोडे हवेतच, असं सरांचं म्हणणं होतं. दात वाजत होते. शिट्टी झाली तेव्हा पायांची बोटं मला कळतच नव्हती.

रस्ता मामांच्या गावावरून जाणार हे मला माहीत होतं. गावापुढच्या नाल्याला वळसा घालून त्याच वाटेनं परत यायचं होतं. मामीनं आदल्या बाजारी मला बजावलं होतं, "आमच्याकडं पाहू नोको. खाली पाहून पय." पय म्हणजे पळ. ती स्वतः त्या दिवशी बाजाराला निघणार होती.

जाताना धुकं होतं आणि आम्ही घोळक्यात होतो. गावाशी आलो तेव्हा शेकोटीचा उजेड दिसला आणि मामांचा आवाज आला, "भाचेबुवा! येताना थांबजा!" बोलायला दम नव्हता. मी नुसता हात वर केला. मी केला तो रामराम. मामांनी तो होकार धरला.

नाल्याला वळसा घालून परत फिरलो तेव्हा मी पुढच्या काही जणांत होतो. अंग तापलं होतं, सूर्य वर येत होता, तुरीच्या शेतांवर दहिवर चमकत होतं. मनात आलं, खोली राहिली. तेवढ्यात गाव आलं.

रस्त्याच्या मधोमध पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी. बाजूला चुलीवरून आणलेलं पाण्याचं पातेलं, त्यातून वाफा निघताहेत. मामा धुवट धोतर नेसून उभे, आणि त्यांच्यामागं सगळी म्हातारी मंडळी शेकोटी सोडून आलेली.

"मामा, शर्यत आहे," मी म्हटलं.

"असन ना. शर्यत काय कुठी चालली? बसा."

"मामा, खोली जाईल माझी."

"दारावरून भाचा जाते अन् मी पाय धुतल्याबिगर जाऊ द्यू? लोक काय म्हनतीन मले?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "अबे, पयनाऱ्याच्या पायाले तर आधी पाणी पाह्यजे."

आणि ते एकेक करून वाकू लागले. वाकलेल्या माणसाला ओलांडून भाच्यानं जायचं नसतं. मी पाटावर बसलो. मामांनी स्वतःच्या हातानं जोड्यांच्या गाठी सोडल्या आणि माझे पाय त्या ऊन पाण्यात घेतले. खोटं कशाला सांगू, मला तिथून उठावंसंच वाटेना. सकाळपासून गोठलेली बोटं एकेक करून जागी झाली. मामांनी टाचा चोळल्या, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली, अंगठ्यांना कुंकू लावलं. मागे राहिलेली मुलं या वेळात आमच्याकडे पाहत, हसत पुढे निघून गेली.

उठून जोडे घालायला गेलो तर पाय आत जाईनात. ऊन पाण्यानं ते फुगले होते. मामांनी जोर लावला, म्हाताऱ्यानं जोर लावला, टाच काही बसेना. शेवटी जोडे तिथेच टाकून मी अनवाणी निघालो.

लहानपणी याच रस्त्यानं मी अनवाणी हजारदा गेलो असेन. पण तेव्हाचे तळवे वेगळे होते. आता ते ऊन पाण्यात भिजून लोण्यासारखे झालेले, आणि खाली थंडीनं तासलेली गिट्टी. एक मैलाचा दगड गेला तोवर मी टाचा उचलून पळत होतो. दुसऱ्याशी आलो तेव्हा मुरुमावर माझ्या पावलांचे लाल ठसे उमटू लागले होते. आधी मला ते कुंकूच वाटलं. दगडावर बसावं, दोनच मिनिटं, असं वाटलं. बसलो असतो तर उठलो नसतो हे मला आजही खात्रीनं ठाऊक आहे.

पुढे रस्त्याच्या कडेनं टोपल्या घेतलेल्या बायांची रांग चालली होती. त्यातली ती दुडकी चाल मी पाठीवरूनच ओळखली.

"मामी!"

ती वळली. तिनं आधी माझे पाय पाहिले.

"काऊन रे, जोडे कुठी गेले?"

"मामांनी पाय धुतले."

तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. "या मानसाले आता काय म्हनाव बाप्पा! मी सांगून आली होती, का त्याले थांबवू नोका. तोंडावर हो म्हने." बोलता बोलता तिनं टोपली उतरवली आणि डोक्यावरची चुंबळ उलगडली. टोपलीखाली ठेवायचं ते जुन्या लुगड्याचं कापड होतं. तिनं ते दातानं उभं फाडलं आणि खाली बसून माझे पाय बांधू लागली.

सोबतच्या बाया थांबल्या. एकजण म्हणाली, "मामानं धुतले, मामीनं बांधले. आता भाच्याले पालखीत घाला वो कोनी."

"पालखी कायले, माह्या टोपलीत बसवा," दुसरी म्हणाली. "वांग्याच्या भावात जाईन."

"गप बसा वो," मामी म्हणाली, पण तीही हसली. गाठ करकचून मारली आणि मला म्हणाली, "मोठमोठे पाय टाकू नोको. बाजाराले चाललो तसा चाल. लहान पाऊल, लवकर पाऊल. अन् हे पाह्य, पोचला का नाई पोचला, कार्ड टाकजो. माह्या जिवाले घोर नोको लावू."

"मामी, नाही पोचलो तर?"

"तर अकोल्याले जाशीन. आता पय."

चुंबळीशिवाय टोपली तशीच डोक्यावर घेतली तिनं. मी निघालो. पुढचा रस्ता मी दौडीसारखा पळलोच नाही. तिच्या मागून बाजाराला निघालो आहे असं धरून दुडकत राहिलो. पाय दुखायचे ते दुखतच होते, पण आता ते माझ्याखालून निघून जात नव्हते.

शहराशी आलो तर जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. बैलांच्या नाकातून वाफा, बाभळीच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकलेले. मी गाड्यांमधून घुसलो तसा एक गाडीवान ओरडला, "अबे पोट्ट्या, बैल बुजाडतं काय? भोंगा तं होऊ दे!"

म्हणजे भोंगा अजून झाला नव्हता! त्या माणसाची शिवी मला आशीर्वादासारखी लागली. दोन गाड्यांच्या चाकांमधून अंग चोरून निघालो. जिनाचं धुराडं उजवीकडे मागे पडलं. फाटक दिसलं. सर फाटकात उभे, हातात घड्याळ नव्हतं. सगळ्यांसारखाच त्यांचाही कान जिनाकडे होता. मी आत आलो आणि पायरीवर आडवा झालो. मित्रानं चहाचा पेला ओठांशी धरला. दोन घोट पोटात गेले, आणि मग भोंगा वाजला.

एरवी तो भोंगा कानात शिरायचा. त्या दिवशी तो संपूच नये असं वाटलं. एवढा मोकळा श्वास मी त्याआधी कधी घेतला असेल असं आठवत नाही. माझ्यानंतर कोणीच यायचं राहिलं नव्हतं. आलेल्यांत मी शेवटचा होतो.

सर जवळ आले. "जोडे कुठे आहेत तुमचे?"

"मामांनी पाय धुतले, सर."

"केव्हा?"

"आत्ता. येताना."

"शर्यतीच्या मध्ये?"  त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसू दाबत म्हणाले, "तुम्ही वऱ्हाडी लोक... जा, खोलीवर जाऊन झोपा. तुमच्या खोलीवर."

दुपारी पायांत ताप भरला. मामी बाजार करून गावच्या बायांबरोबर परत गेली असणार, मी पोचलो की नाही हे न कळताच. पुढचा बाजार येईतो ती जिवाला घोर लावून बसली असती. तेव्हा मी साधं कार्डही आधी वहीत कच्चं लिहून मग उतरवायचो, म्हणून ते माझ्याजवळ राहिलं आहे. मामी वाचणार नव्हती. मामा वाचून दाखवणार होते, आणि ते ध्यानात ठेवूनच ते लिहिलं होतं.

*

तीर्थरूप सौ. मामीस,

शिरसाष्टांग नमस्कार. भाच्यानं मामीला असा नमस्कार लिहायचा नसतो, हे मामा वाचता वाचता म्हणतील. त्यांनी तो तरीही वाचून दाखवावा.

मी भोंग्याच्या आधी पोचलो. खोली राहिली. आता पदवी होईपर्यंत मला कोणी उठवणार नाही, असं सरांनी स्वतः सांगितलं. तू आजपासून घोर करू नकोस आणि नीट जेव.

पाय बरे आहेत. डॉक्टरांनी तुझी पट्टी काढून दुसरी बांधली. गाठ सुटेना म्हणून त्यांना कात्री घ्यावी लागली. आठवडाभर चालायचं नाही असं म्हणाले आहेत, म्हणून येत्या बाजारी भेटायला येऊ शकणार नाही. अभ्यास पडल्या पडल्या करतो. खरंच करतो.

मामांना काही बोलू नकोस. त्या थंडीत पाणी ऊन होतं आणि मला बरं वाटलं. त्यांनी मान केला, त्यात माझं नुकसान झालं नाही. मात्र पुढच्या वर्षी दौड पुन्हा त्याच रस्त्यानं आहे. तेव्हा मामांनी माझे पाय आदल्या दिवशी धुवावेत, मी त्यासाठी मुद्दाम मुक्कामाला येईन.

जोडे मित्राचे आहेत. बाजाराला येशील तेव्हा वसतिगृहाच्या फाटकावर दे. पहारेकरी आत सोडणार नाही, म्हणून त्याला माझं नाव सांग, मी त्या पोराची मामी आहे म्हण, आणि तिथेच थांब. मी भिंत धरत बाहेर येईन.

वडिलांना अकोल्याला वेगळं कार्ड टाकलं आहे. मुकादमांना नाही म्हणून सांगा, असं लिहिलं आहे.

तुझा भाचा