मामांना शर्ट काढायला लावला तेव्हा

"झाडू कुठाय?"

त्या मॅडमनी मला पहिला प्रश्न हा विचारला. या नाही, बसा नाही. हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं उभारलो होतो. मी, यल्लप्पामामा आणि रफिकभाई. मी जावेची हिरवी इरकल मागून नेसले होते. केसात गजरा माळला होता.

"झाडू कशाला मॅडम? मी गायला आलेय की."

"अहो, तोच तर कार्यक्रम आहे! घामाचे सूर. तुम्ही कोण आहात ते लोकांना दिसायला नको? फोनवर सांगितलं होतं, कामाच्या कपड्यात या म्हणून."

फोन रफिकभाईला आला होता. तो रिक्षाचा खाकी शर्ट घालून आला होता. आम्हाला दोघांना त्यानं काही सांगितलं नव्हतं. पुढं एकदा म्हणाला, "बहेन, मेरे मुँह से निकलाच नहीं."

मॅडमनी वॉचमनला हॉलचा झाडू आणायला पाठवलं. मग त्या मामांकडे वळल्या.

मामा साठीच्या पुढचे. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. मागावरून सुटलेला माणूस म्हाताऱ्यासारखा दिसतो, केसात, भुवयांत कापूस बसलेला असतो. तो जावा म्हणून मामा त्या दिवशी दोनदा अंघोळ करून आले होते. अंगात पांढरा शर्ट. लेकीनं इस्त्री करून दिलेला.

"तुम्ही मागावर असताना शर्ट घालता का हो?" मॅडमनी खाली यादीत बघत विचारलं.

मामांना ऐकू आलं नाही. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेले होते. मॅडमनी मग बोटानं शर्ट दाखवला आणि हातानं खूण केली. काढा.

मामांना वाटलं, कार्यक्रमाची काही रीत असेल. त्यांनी एकेक बटण काढलं. शर्टाची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली. आत बनियन होतं. काखेत फाटलेलं. मामांनी त्या बाजूचा हात अंगाशी धरला.

कोपऱ्यात एक साहेब सतार जुळवत बसले होते. त्यांनी मान वर करून बघितलं. हसून म्हणाले, "थोडा कापूस मिळाला असता डोक्यावर टाकायला, तर अगदी खरं वाटलं असतं."

खरं वाटलं असतं. म्हणजे मामा खरे नव्हतेच तर.

मी सफाई कामगार आहे. सोलापुरात पहाटे रस्ते झाडते. त्याची मला लाज नाही, तेव्हाही नव्हती. माझा बाप गायचा. त्याची गायन पार्टी होती, जयंतीच्या दिवसांत पार माढ्यापर्यंत बोलावणी यायची. बाप गेला, पार्टी मोडली. गाणी माझ्यात राहिली. झाडताना आपोआप तोंडात यायची.

मामांच्या बोळात एकदा अशीच गुणगुणत झाडत होते. दारातून मामा बाहेर आले. मला वाटलं, धूळ उडाली म्हणून ओरडतील. ते माझ्या गळ्याकडं टक लावून बघत होते.

"अम्मा, ते परत म्हन की."

मी म्हटलं. मामांनी दाराच्या फळीवर बोटं टाकली. ऐकू येत नसलेल्या माणसानं असा ठेका धरला की माझ्या हातातला झाडू थांबला. मी विचारलं, "मामा, तुमाला ऐकू येतंय व्हय?" ते म्हणाले, "न्हाय अम्मा. तुझ्या गळ्याची शीर हलते की. ती बघतो."

असं आमचं सुरू झालं. मामांचा मेव्हणा रफिकभाईच्या रिक्षातून जायचा-यायचा, त्याच्याकडून रफिकभाई आला. त्याच्याकडं पेटी होती. रिक्षा दारात लावून तो आत यायचा, हात धुवायचा आणि पेटी उघडायचा. सुट्टीच्या दुपारी मामांच्या पुढच्या खोलीत आम्ही बसायचो. गावातच दिलेली मामांची लेक येऊन चहा करायची. तिथं कुणी कामगार नव्हतं. मी गायची, मामा तबला वाजवायचे, रफिकभाई पेटी. बास.

मग कुणीतरी मोबाईलवर आमचं गाणं काढलं. ते फिरत फिरत त्या मॅडमकडं गेलं. त्यांचं संगीताचं मंडळ आहे. त्यात डॉक्टर, वकील, बिल्डर, सगळे हौशी. त्यांचं बोलावणं आलं तेव्हा मामा लहान पोरासारखे झाले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते कधी गेले नव्हते. बापाचं विहिरीचं गाणं घ्यायचं ठरलं. महिनाभर घासून घासून बसवलं.

ते गाणं असं आहे. एक बाई विहिरीवर जाते. पहिल्या कडव्यात ती पाणी मागते. दुसऱ्यात तिला हाकलतात. तिसऱ्यात तिचं लेकरू तहानेनं रडतं. चौथ्या कडव्यात ती मागत नाही. स्वतः पोहरा सोडते. बाप म्हणायचा, पहिली तीन कडवी चौथ्यासाठी हायेत, चौथं म्हनायचं नसंल तर तोंड उघडू नको.

पडदा उघडला. मी झाडू धरून उभी. शेजारी बनियनवर मामा, खाकीत रफिकभाई. निवेदक म्हणाला, "या ताई रोज आपला कचरा उचलतात, आणि बघा, गातातसुद्धा!" टाळ्या पडल्या. मी अजून सूर लावला नव्हता. टाळ्या झाडूला होत्या.

पुढच्या रांगेतून प्रमुख पाहुणे म्हणाले, "ताई, फोटोसाठी जरा झाडून दाखवा की."

मी झाडलं. स्वच्छ स्टेज. इरकल नेसून, गजरा माळून मी स्वच्छ स्टेज झाडलं आणि लोक फोटो काढत राहिले.

मग निवेदकानं मामांच्या कानाजवळ तोंड नेऊन जोरात काहीतरी विचारलं. मामांनी भलतंच उत्तर दिलं. हॉल हसला. निवेदकानं परत विचारलं, मामांनी परत भलतंच सांगितलं. हॉल अजून हसला. मामांनी लोकांकडं बघितलं. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. तोंडभर. दोन्ही हात जोडून.

मग गाणं. पहिलं कडवं झालं. मी दुसऱ्याचा सूर घेतला आणि माइक बंद पडला. पडला नव्हता, केला होता. निवेदक म्हणाला, "वेळेअभावी आपण इथेच थांबूया." समोर एक बाई डोळे पुसत होत्या. पाणी मागणाऱ्या बाईची त्यांना दया आली असणार. मंडळवाल्यांनी मला मागायला लावलं आणि तिथंच गप्प केलं.

आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं. मग मंडळाचे लोक गायला बसले. सतारवाले साहेब डॉक्टर होते. ते स्टेथोस्कोप गळ्यात घालून बसले नाहीत. वकिलांनी काळा कोट घातला नव्हता. बिल्डरच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. रेशमी कुडते होते. कुणी म्हणालं नाही की हे इंजेक्शन देतात, आणि बघा, वाजवतातसुद्धा. ते नुसते गायक होते. नुसते वादक. दोन तास कुणाला वेळेचा अभाव जाणवला नाही.

मामांनी शर्ट घातला होता. बटणं खालीवर लागली होती. ते तबलजीच्या बोटांकडं बघत होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "चांगला वाजवतो की पोरगा."

त्यांच्या मनात एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेले. मामांच्या लेकीच्या सासरीसुद्धा गेले. तिची नणंद म्हणाली, तुझ्या बापाला घालायला कापडं नव्हती का? लेक रडत माहेरी आली. "अप्पा, तुमी उघडं का उभारलात?"

मी गेले तेव्हा मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं. माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "अम्मा, खरं सांग. ते लोक कशाला हसत होते? ठेका आवडला म्हनून, न्हाय का?"

मामा ओठ वाचायचे. माझे ओठ हलेनात. शेवटी मी सांगितलं. ठेका तेव्हा सुरूच झाला नव्हता मामा. तुमाला ऐकू येत न्हाय म्हनून हसत होते.

मामांनी स्वतःचे तळहात बघितले. मग म्हणाले, "मी बी हसलो की त्यांच्यासंगं."

त्या दिवसानंतर त्यांनी तबल्याला हात लावला नाही. आम्ही जात राहिलो. चहा व्हायचा. रफिकभाई पेटी उघडायचा, परत मिटायचा. मी गळा दाखवून गायले तर मामा खिडकीबाहेर बघायचे. छातीचं दुखणं होतंच, कापसानं लागलेलं. थंडीत ते गेले. तिरडी बांधताना लेकीनं तोच पांढरा शर्ट काढून दिला. बटणं मी लावली.

उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. यंदाचा कार्यक्रम मामांच्या स्मृतीला वाहिलाय, तुम्ही त्याच वेषात या. रफिकभाईला घेऊन दुपारी हॉलवर गेले.

गेटला फ्लेक्स बांधला होता. मामा. बनियनवर. हात जोडून हसताना. वर लिहिलं होतं, 'श्रमाला सलाम'. खाली बारीक अक्षरात 'दिवंगत यंत्रमाग कामगार'. तबलावादक हा शब्द कुठंच नव्हता.

मॅडम आतून आल्या. "छान झालाय ना? त्यांचा सन्मान आहे हा."

"मॅडम, हा फ्लेक्स काढा."

"अहो, पण का? किती निरागस हसलेत ते."

मी फ्लेक्सकडं बोट केलं. "सतारवाल्या डॉक्टरसाहेबांचा कुडता उतरवा. त्यांना बनियनवर हितं उभारू द्या, लोकांना हसू द्या. मग आमच्या मामांचा फोटो लावा."

"तुम्ही भान ठेवून बोला. आम्ही तुम्हाला स्टेज दिलं."

"स्टेज दिलं न्हाय. स्टेज झाडून घेतलं."

मी सुतळीला हात घातला. गाठी पक्क्या होत्या. दातानं सोडल्या. मॅडम वॉचमनला हाका मारत होत्या. वॉचमन आला आणि लांबच उभा राहिला. दुसऱ्या बाजूच्या गाठी रफिकभाईनं सोडल्या. फ्लेक्स खाली आला. मामांचा चेहरा आत जाईल असा आम्ही तो गुंडाळला, रिक्षात ठेवला आणि निघालो. वाटेत मी मोठ्यानं रडले. रफिकभाई आरशात बघत नव्हता.

मामांच्या जागी आम्ही कुणाला बसवलेलं नाही. ठेक्याशिवाय गाते. लय तुटते, परत धरते. लोक म्हणतात, जाऊ दे आता, त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. नसेल. पण माझा माणूस त्या हेतूनं मेला. दम्यानं देह गेला असेल, पण त्याची बोटं त्याच्या आधीच गेली होती. हे मी जाऊ देणार नाही.

मी गायला जाईन. कुणीही बोलवा, जाईन. मला वाटेल ते नेसून जाईन. काम काय करते ते विचारलं तर सांगेन, माझं गाणं झाल्यावर सांगेन. आणि परत कधी कुणी माझ्या माणसाला शर्ट काढ म्हणून खूण केली, तर पडदा उघडायच्या आत मी तिथून उठेन. आणि एकटी उठणार नाही.