दाजींची फटफटी आणि माझ्या गळ्यातला रेडिओ

सबंध सोलापुरात आमच्या दाजींइतका रेडिओ वाजवणारा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि एवढा वाजवून तो स्वतः न ऐकणाराही सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतात. आज मंगळवेढ्याचा बाजार, उद्या सांगोल्याचा, परवा मोहोळचा, असं त्यांचं आयुष्य, आणि ते सगळं एका जुन्या फटफटीवर. ही फटफटी नाक्यावर असते तेव्हाच आमच्या गल्लीतली कुत्री उठून भिंतीला लागतात. एवढ्या आवाजात कुणी रेडिओ ऐकायला जाईल असं वाटत नाही. पण दाजींचं म्हणणं असं की रस्ता लांबचा, डोकं रिकामं, मग गाणं नको का? आधी त्यांनी चामड्याच्या पिशवीतला आपला ट्रान्झिस्टर हँडलला टांगला. तो एका खड्ड्यात उडाला आणि बाभळीत अडकला. मग टाकीवर सुतळीनं बांधला, तर हादऱ्यानं आतला काटा सरकायचा. निघताना सांगली केंद्र लावावं आणि दोन मैलांवर कानडी भजन सुरू व्हावं. शेवटी दाजींच्या लक्षात आलं की रेडिओला हादरे न बसणारी जागा एकच आहे, मागं बसलेल्या माणसाची छाती. त्याच सुमाराला मी मॅट्रिक झालो.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडील मेंढरं राखतात. मुलाला सोलापूरला ठेवायचं कुठं, या काळजीत ते होते. तेव्हा दाजी स्वतः गावाला आले, चहा प्याले आणि म्हणाले की पोरगं आमच्याकडं राहील, त्याला मी रोज कॉलेजात नेऊन सोडीन. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता. कॉलेजच्या पहिल्या दिवशी दाजींनी माझ्या गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवला तेव्हा तोही मानाचाच भाग असावा असं मला वाटलं. फटफटी सुरू झाली. रस्त्याला लागल्यावर दाजींनी मान तिरकी केली आणि ओरडून विचारलं, "पाव्हणं, काय म्हनतुय त्यो? सांगा की."

त्या दिवसापासून रेडिओवर जे जे लागेल ते मी दाजींच्या कानात ओरडून सांगतो. फटफटीच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही, आणि माझ्या छातीवरच असल्यामुळे मला येतं, असा सरळ हिशेब. दुसरा नियम होता थापेचा. मागून गाडी आली की मी त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची. ही त्यांची आणखी एक लहर असावी असं मी समजलो. बातम्या सांगणं फारसं अवघड नव्हतं. शेतमालाचे भावही चालले. खरी लाज गाण्यांची. मी गात नसे, नुसता अर्थ सांगे. पण सोलापूरच्या भर रस्त्यात, सकाळच्या उन्हात, मेव्हण्यानं दाजींच्या कानाला तोंड लावून प्रेमगीताचा अर्थ सांगायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल. एकदा मी सांगितलं की ती म्हणते, चंद्र वर आला पण तू आला नाहीस. दाजींनी विचारलं, का नाही आला? मी म्हटलं, ते पुढच्या कडव्यात असेल. पुढच्या कडव्यात दिवा विझला, शेवटच्या कडव्यात पहाट झाली. दाजींनी फटफटीचा वेग कमी केला. "आलाच न्हाय म्हना की," ते म्हणाले. "काय मानूस हाय." त्या माणसाचा राग त्यांच्या मनात संध्याकाळपर्यंत होता. जेवताना त्यांनी अक्कालाही ती हकीकत सांगितली.

माझ्या वर्गात वकिलांची, डॉक्टरांची, गिरणीतल्या साहेबांची मुलं होती. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की आमचा व्यापार आहे. कसला ते सांगितलं नव्हतं. रोज सकाळी फाटकाशी ही मुलं सायकली लावून उभी असत आणि त्यांच्यासमोर मी गळ्यात रेडिओ घालून, घुंगूरमाळ बांधलेल्या बोकडासारखा उतरत असे. म्हणून मी एक युक्ती काढली. कॉलेज दिसू लागलं की रेडिओ हळूच बंद करायचा आणि सभ्य वाटतील अशा बातम्या मनानंच सांगायच्या. मंत्र्यांनी पुलाचं उद्घाटन केलं. कोकणात पाऊस. दाजी मान हलवत. एकदा मी, पुढचे चार दिवस हवा कोरडी राहील, असं सांगून बसलो. दाजींनी घेऊन ठेवलेली लोकर गच्चीवर वाळत घातली आणि दुपारी धो धो पाऊस झाला. भिजलेल्या लोकरीचा वास घरात आठवडाभर होता. मला जेवण जात नव्हतं. दाजी मात्र माझ्यावर रागावले नाहीत, रेडिओवर रागावले. आता त्या लोकांनाही काही कळेनासं झालंय, एवढंच म्हणाले.

आम्ही राहतो ती गल्ली मागवाल्यांची. दिवसभर दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालते. शेजारच्या तेलुगू मावशी मीठ मागायचं तरी ओरडूनच मागतात. त्यामुळं आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात आणि मोठ्यानं बोलणाऱ्या घरात कोण कमी ऐकतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर घड्याळं लावतं, पण दाजी आधी दाराबाहेर बघत, माणसं डबे घेऊन निघालेली दिसली की म्हणत, भोंगा झाला वाटतं. जनावरांच्या बाजारात तर बोलण्याचं कामच नाही. तिथं भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून किंमत सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. या कामात दाजींचा हात धरणारा कुणी नाही. समोरचा बडबडत असतो आणि दाजी त्याच्या तोंडाकडं शांतपणे बघत बोटं दाबत असतात. व्यापारी म्हणत, माणूस किती थंड डोक्याचा, एका शब्दाला उत्तर देत नाही. हे सगळं मी तीन वर्षं पाहत होतो. पाहून मला काही कळलं नाही, याला शिक्षण म्हणायचं की काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

कळलं ते रेल्वेच्या फाटकापाशी. रविवार होता. सांगोल्याचा बाजार करून आम्ही परत येत होतो. गळ्यात रेडिओ, मांडीवर दाजींनी कौतुकानं घेतलेलं एक करडू, आणि ऊन उतरलेलं. फाटक बंद होतं. दाजींनी पेट्रोल वाचवायला फटफटी बंद केली. एकदम शांत झालं. त्या शांततेत माझ्या छातीवरचा रेडिओ पूर्ण आवाजात शेतकऱ्यांसाठी बोलू लागला. विषय होता शेळ्यांच्या पोटातले जंत. बाजूला बैलगाडी होती, एक टांगा होता, आणि टांग्याच्या पलीकडं, सायकलींवर एक पाय टेकून, माझ्या वर्गातली चार मुलं उभी होती. मी आवाज कमी करायला हात नेला तेवढ्यात दाजींनी नेहमीसारखी मान तिरकी केली.

"काय म्हनतुय त्यो?"

फटफटी बंद होती. बैलगाडीतली म्हातारीसुद्धा जंतांविषयी मन लावून ऐकत होती. दाजी माझ्याकडं कान करून वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, रोजच्यासारखाच चेहरा. आणि मला थापेचा नियम आठवला, दाराबाहेर बघणं आठवलं, रुमाल आठवला. टांगेवाला आमच्याकडं बघायला लागला होता. आणखी एका क्षणात त्याच्या लक्षात आलं असतं आणि तो हसला असता. बहिरा व्यापारी म्हटल्यावर बाजारात चार दिवसांत बोभाटा होतो. वर्गातली मुलंही माझ्याकडंच बघत होती. आता मी गप्प बसलो तर दाजींचं गुपित उघडं पडणार होतं आणि बोललो तर माझं. माझे कान तापले. करडू मांडीवर हलत होतं. मी दाजींच्या कानाशी तोंड नेलं आणि रोज ओरडतो तसा ओरडलो.

"शेळ्यांस्नी जंताचं औषध उपाशीपोटी पाजावं म्हनतुय."

"आसं व्हय," दाजी म्हणाले.

वकिलाचा मुलगा सायकल पुढं घेऊन आला. "अरे, रेडिओ ओरडतोय की. तू कशाला ओरडतोस?"

"पाठ करतोय," मी म्हटलं.

गाडी गेली, फाटक उघडलं. मागं हसणं चालू होतं. त्यानंतर वर्गात कितीतरी दिवस मला शेळ्यांची तब्येत विचारत असत, आणि मी, बरी आहे, असं उत्तर देत असे.

घर जवळ आल्यावर एका लिंबाखाली दाजींनी फटफटी थांबवली. बराच वेळ ते टाकी पुसत राहिले. टाकीला धूळ नव्हती. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाव्हणं, अक्काला बोलू नगा. तिला कळलं तर फटफटी बंद. फटफटी बंद म्हंजी बाजार बंद." एवढा मोठा माणूस माझ्यापुढं लाजत होता. मी मान हलवली. बोललो असतो तरी ओरडून बोलावं लागलं असतं, आणि लिंबाखाली दोन बायका उभ्या होत्या.

मी अक्काला बोललो नाही. पण ती करडाला पाणी दाखवत होती तेव्हा माझा चेहरा बघून तिनंच विचारलं की आज कळलं का तुला. मी करडाच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. "मला चार सालं झाली कळून," ती म्हणाली. "पर मला ठावं हाय ह्ये त्यास्नी कळू दिऊ नगंस, बापू. माझ्याम्होरं लई लाजत्यात." आणि थोड्या वेळानं, जणू माझ्या फायद्याचंच सांगतेय अशा आवाजात म्हणाली, तुला हितं कशाला आणला आसं वाटलं तुला?

त्या रात्री मला थोडं वाईट वाटलं. मी समजत होतो, माझ्या डोक्यासाठी मला इथं आणलं. आणलं होतं ते कानांसाठी. पण विचार केला, कान तर कान. कानांमुळं डोक्याची सोय झाली. मग त्याचीही लाज वाटली की मी एवढा हिशेब करत बसलो. पुढं वर्षभर मी त्या घरात दोघांच्या मधे अवघडून राहिलो. दाजी अक्कासमोर ऐकू येत असल्यासारखं करत, अक्का त्यांना ऐकू येतं असं मानून चाले. ती मीठ म्हणाली की ते पीठ देत आणि ती पीठच मागितल्यासारखं घेई. रस्त्यावर मात्र मी रेडिओ बंद करणं सोडलं. कॉलेजचं फाटक आलं तरी जे लागलं असेल ते सांगत असे. लाज गेली नव्हती. लाजतच सांगत होतो. थाप मात्र आता न चुकता मारत होतो, मैलभर मागं ट्रक दिसला तरी.

आता माझं शेवटचं वर्ष. परीक्षा आली तेव्हा अडचण उभी राहिली. रविवारी सांगोल्याचा मोठा बाजार आणि सोमवारी माझा पेपर. मी म्हटलं, येतो, वाटेत वाचीन. दाजी म्हणाले, नको, एकटाच जातो. ते एकटे जाणार म्हणजे मागून येणारे सगळे ट्रक माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागले. सकाळी ते फटफटी बाहेर काढत होते तेव्हा अक्का नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन दारात आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती फटफटीवर कधी बसली नव्हती. तरी जाईन म्हणून मी गळ्यात अडकवलेला रेडिओ तिनं काढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, मला बी बाजार बघायचाय.

दाजी गडबडले. इकडंतिकडं बघितलं. समोरचे माग थांबवून दोघं दारात आले होते, तेलुगू मावशीही आली होती.

"आगं, लोक काय म्हनतील?"

अक्का त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तोंड दिसेल अशी. "म्हनू द्या की," ती म्हणाली. "तुमास्नी कुटं ऐकू येतंय."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. त्यांनी अक्काकडं पाहिलं. तिनं पदर दातात धरला होता, बहुतेक हसू येऊ नये म्हणून. दाजींचा चेहरा आधी पडला, मग कानापर्यंत लाल झाला आणि मग ते खाली वाकून किक मारू लागले. चौथ्या किकेला फटफटी सुरू झाली. अक्का एका बाजूला पाय सोडून बसली आणि तिनं हात त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला. थापेचा नियम तिला कुणी सांगितला कोण जाणे.

मी पुस्तक घेऊन नाक्यापर्यंत गेलो. फटफटी माझ्या जवळून वळली. सवयीनं मी आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं बघतंय का. सगळेच बघत होते. अक्का दाजींच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होती आणि दाजी मान हलवत होते. रेडिओवर काय लागलं असेल म्हणून मी कान दिला, तर रेडिओ बंद होता. ती सुरूच करायला विसरली होती. तरी सांगत होती. रस्ता वळेपर्यंत तिचं सांगणं संपलं नव्हतं, आणि दाजींनीही एकदासुद्धा विचारलं नाही, काय म्हनतुय त्यो.