उपरण्याखालचं बोट

"डाक्टर, हात तुमी नाही लावाचा. मी लावतो अन् तुमाले सांगतो."

गणपतराव दारात आडवे उभे राहून मला हे बजावत होते. आत पडद्यामागे त्यांची बायको सरजाबाई बसली होती. अमरावतीच्या डिस्पेन्सरीत मी तेव्हा नेटिव्ह डॉक्टर होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. गणपतराव त्या बाजारातले बडे दलाल. ऐन हंगामात बाजार सोडून ते माझ्या पायऱ्या चढले, म्हणजे दुखणं साधं नव्हतं.

सरजाबाईंच्या डाव्या स्तनात गाठ होती. दुखत नव्हती. गाठ दुखत नाही असं ऐकलं की अजूनही मी हातातलं काम बाजूला ठेवतो. दुखणारी गाठ माणूस लवकर दाखवतो. ही मुकाट्यानं वाढत राहते.

मी पडद्याकडे तोंड करून प्रश्न विचारले. वय चाळिशीच्या पुढे. मूलबाळ नाही.

"आई आहे?"

"माय अशीच गेली," आतून आवाज आला. "तिलेबी इथंच गाठ होती."

तिन्ही उत्तरं वाईट. वय, मूल न होणं, आईला तोच रोग. एवढ्यावरून गाठ वाईटच असते असं नाही, पण ज्या बायकांत ती वाईट निघाली, त्यांच्याकडून मी हीच उत्तरं पुन्हा पुन्हा ऐकली होती. शेजारणींचं निदान वेगळं होतं. तेजीत घरावर माडी चढली, म्हणून दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकून झाल्या होत्या. गाठ होती तिथंच होती.

स्तनात दूध करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. अशा ग्रंथींतून उठणाऱ्या कर्करोगाला हल्लीचे डॉक्टर अडिनोकार्सिनोमा म्हणतात. गाठीचा तुकडा काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मगच नाव घेतात. आमच्याकडे फक्त बोटं होती. गाठ सुपारीसारखी टणक आहे का? ढकलली तर सरकते, की बरगडीला धरून बसलीय? काखेत गोळ्या लागतात का? सरकत असेल तर अकोल्याचे सर्जनसाहेब क्लोरोफॉर्म देऊन ती कापून काढत. बसली असेल तर सुरीला हात लावत नसत. सरजाबाईंचा जीव त्या एका सरकण्यावर होता.

हे मी गणपतरावांना हळू आवाजात समजावलं.

"तिच्यासमोर कसं बोलू?" ते म्हणाले. "उपरण्याखाली सांगतो."

कापसाच्या बाजारातली ही रीत. दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आम्ही ठरवलं, गाठ सरकत असेल तर एक बोट, बसली असेल तर मूठ.

ते आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले, माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि माझं एक बोट दाबलं.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा चेहरा पाहिलाच नाही. "उद्याच अकोल्याला निघू," म्हणालो. रजा काढून मीही बरोबर गेलो.

रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग हलता हलत नव्हती. आमच्या बैलगाडीच्या प्रत्येक हिसक्याला सरजाबाई छातीवर हात दाबून धरत. मूर्तिजापूरच्या मुक्कामात त्या पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलल्या.

"वापस गेलं की बहिणीची पोरगी लेक म्हनून घरी आणीन. इतके दिवस मीच नाही म्हणत होती. यायच्याजवळ कोनी पाह्यजे," नवऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या.

अकोल्याला सर्जनसाहेबांसमोर गणपतराव पुन्हा आडवे आले. सरजाबाईंनीच त्यांना बाजूला सारलं. "इतक्या दूर आली, आता लाज कायची?"

साहेबांनी गाठ इकडून ढकलली, तिकडून ढकलली. मग माझी बोटं धरून तिच्यावर ठेवली. वाळलेल्या काळ्या मातीत रुतलेला खडा जसा हलत नाही, तशी ती हलत नव्हती. काखेतही गोळ्या लागल्या. साहेबांनी सरजाबाईंचा पदर नीट केला आणि मला म्हणाले, "ऑपरेशन नहीं. देर हो गई."

व्हरांड्यात मी गणपतरावांना गाठलं. "तुम्ही एक बोट दिलं होतं!"

"देलं."

"का दिलं?"

"डाक्टर, दलाल पयल्या हाताले खरा भाव सांगते का? मले वाटलं तुमी अजून एक खेप हात पुढं कराल. मंग मूठ देली असती." ते मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडू लागले. "तुमी इचारलंच नाही."

मला आधी संताप आला. मग मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. सवयीनं बोट दिलं की आशेनं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. वाटेत सरजाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढून दोघांच्या हातांवर घेतलं. गणपतरावांनी तोंड फिरवलं. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

पुढचा कापूस वेचणीला आला तेव्हा सरजाबाई नव्हत्या. बहिणीच्या मुलीला मात्र त्यांनी जाण्यापूर्वी घरी आणून ठेवलं होतं.

मी डिस्पेन्सरीत एका सुईणीला गाठ तपासायला शिकवलं. नवऱ्याच्या बोटांवर पुन्हा कधी विसंबलो नाही, आणि घरच्यांना कोणताही प्रश्न एकदाच विचारून थांबलो नाही.

पुष्कळ दिवसांनी गणपतराव भेटले, तेव्हा गाडीतली गोष्ट त्यांनीच काढली.

"तिनं मूठ देली होती, डाक्टर. पडद्याआडून तिनं आपलं सारं आयकलं होतं. गाठ हालत नाही, हे तिले माह्याआधीच ठाव होतं."

"मग अकोल्याला कशाला आल्या?"

"मी बोट देलं ना," ते म्हणाले. "माहा भाव तिनं मोडला नाही."